पदकापुरती सही

समितीने पदकाचा अर्ज तिसऱ्यांदा परत पाठवला, तेव्हा टायपिस्टने तो लष्करी कचेरीतल्या कारकुनासमोरच उलगडून वाचला. कोर्टाबाहेर बसून तीस वर्षं लोकांचे अर्ज टाइप केलेला माणूस तो. कागदातली मेख त्याला लगेच सापडली.

आक्षेप एका ओळीचा होता. पुलावरची चौकी सोडायचा हुकूम आलेला असताना त्याचा थोरला मुलगा तिथे थांबून लढला असेल, तर ते शौर्य नव्हे, बेशिस्त.

टायपिस्टच्या अंगाचा तिळपापड झाला. पोराने सहा तास एकट्याने पूल धरला, तिथेच जीव सोडला, आणि हे शहाणे शिस्त शिकवणार!

“मला पटतंय हो, काका,” कारकून म्हणाला. “पण हुकूम आला नव्हता, असं लिहून देणारा कुणीतरी आणा. तिथं हजर असलेला.”

असा माणूस घरातच होता. धाकटाही त्याच चौकीवर होता, आणि तिथून जिवंत परतलेला तो एकटाच. पण विषय निघाला की मूग गिळून बसायचा. थोरल्याचं कौतुक झालं की याच्या पोटात दुखतं, हे बापाला दोघांच्या लहानपणापासून ठाऊक होतं.

घरी येताच त्याने मशीनमध्ये कागद चढवला आणि धाकट्याला समोर बसवून सरळ विचारलं, हुकूम आला होता का.

धाकटा शर्टाच्या बटणाशी चाळा करू लागला. “बाबा, दादा गेला. आता पदक घेऊन काय करायचंय?”

“आला होता की नव्हता, तेवढं सांग.”

“नव्हता आला.”

बापाला इतका आनंद झाला की डोळेच भरून आले. कुणाला फट सापडू नये म्हणून त्याने तारीख, वेळ, ठिकाण, सगळं घालून जबाब पक्का केला. आयुष्यात इतका चोख कागद त्याने कुणाला करून दिला नव्हता.

धाकट्याने तो वाचला. सही केलीच पाहिजे का, असं त्याने दोनदा विचारलं.

“सख्ख्या भावासाठी एवढंही होत नाही तुझ्याच्यानं? मेल्यावरही त्याचा हेवा करणार?”

धाकट्याने सही केली.

पुढच्याच महिन्यात पदक मंजूर झालं. त्याच आठवड्यात पलटणीने धाकट्याला बोलावून घेतलं. संचलनात उभं करणार असतील, असं म्हणत बापाने त्याचे बूट स्वतः पॉलिश करून दिले.

समारंभात मोठ्या साहेबांनी बापाच्या कोटावर पदक लावलं. टाळ्या थांबेनात. त्याची नजर मात्र जवानांच्या रांगांमधून धाकट्याला शोधत होती. आज तरी त्याला जवळ घ्यायचं, असं त्याने ठरवलं होतं.

मंचावरून उतरताच कारकुनाने नजर चुकवत एक पाकीट त्याच्या हातात दिलं.

आत तीनच ओळी होत्या. हुकमाविना चौकी सोडून पळाल्याबद्दल धाकट्याला आज सकाळी गोळ्या घालण्यात आल्या होत्या. पुरावा: आरोपीचा सहीनिशी टंकलिखित जबाब.