मोहरीचा वास

"बाई, डोळे नुसते चुरचुरतायत. खरं सांगा, विषारी नाहीये ना हे?"

तळमजल्यावरच्या जयंतीने खिडकी बोटभर उघडून विचारलं. आत तिची दम्याची मुलगी खोकत होती.

मधुवंतीबाई चार दिवस बहिणीकडे राहून नुकत्याच मुलुंडला परतल्या होत्या. बॅग अजून खांद्यावरच होती. इमारतीमागच्या भाजीच्या वाफ्यांवर पारदर्शक प्लास्टिक ताणून बसवलेलं होतं, कडा मातीने घट्ट दाबलेल्या. आपण सांगितलं तस्संच गुणाजी माळ्याने केलं, म्हणून त्यांना बरं वाटलं.

दोन वर्षं टोमॅटो-वांगी मर रोगाने जात होती. काल टवटवीत असलेलं रोप आज मान टाकायचं. सेक्रेटरी श्यामसुंदर मीटिंगमध्ये म्हणाले होते, "मातीत गॅसचं औषध सोडू, वर प्लास्टिक घालू. विषय संपला."

"तिथे पोरं खेळतात हो!" बाई कडाडल्या होत्या. तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलेला आवाज. "ओली मोहरी पाल्यासकट चिरून गाडू, पाणी देऊ, मग झाकू. तिच्या झणक्याने आणि उन्हाच्या धगीने बुरशी मरते."

श्यामसुंदर हसले होते. "बरं बाई, तुमच्या मनासारखं."

आता एकेका खिडकीतून घाबरे चेहरे डोकावत होते. कुणीतरी ओरडलं, "अहो, ॲम्ब्युलन्स बोलावू का?"

बाई वाफ्याशी उकिडव्या बसल्या. प्लास्टिकची कड उचलून त्यांनी खोल श्वास घेतला. झणका थेट डोक्यात गेला. घसा जळला. क्षणभर त्यांना पळून जावंसं वाटलं. पण सगळी इमारत बघत होती.

"मोहरीच आहे," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "घरी मोहरी फेसताना असंच होतं ना गं? घाबरू नका. उघडा खिडक्या, येऊ दे हवा."

जयंतीने सुस्कारा सोडला. दोन्ही खिडक्या सताड उघडून ती मुलीला कडेवर घेऊन अंगणात आली. वरच्या मजल्यांवरच्या खिडक्याही धडाधड उघडल्या.

तेवढ्यात फाटकातून गुणाजी आला. डोक्यावर हिरवागार भारा.

"गावाक अडकलंय, बाई. चार दिसांचो खाडो झालो," तो ओशाळून म्हणाला आणि भारा खाली टाकला. "ही घ्या मोहरी. आता चिरून घालतंय."

मग त्याचं लक्ष वाफ्याकडे गेलं.

"पण ह्या प्लास्टिक कोणी घातल्यान?"