तिसऱ्या रांगेतला वन्स मोअर

"आलोऽ"चा सूर वर चढला, अर्ध्यावर फाटला आणि मधुअण्णांचं तोंड नुसतंच उघडं राहिलं.

हुबळीच्या त्या सभागृहात रविवारच्या संध्याकाळी पाचेकशे माणसं होती आणि प्रत्येकाला ते ऐकू गेलं. कीबोर्डवरच्या संजीवनं तोच सूर पटकन दाबून धरला. पण नवरदेवाच्या जागी करवला उभा केला तर लोकांना कळायचं थोडंच राहतं? मधुअण्णांनी उरलेली ओळ कशीबशी म्हटली आणि गाणं संपवलं.

मधुअण्णा त्रेसष्टचे. अंगात तेच लाल जाकीट, फक्त आता त्याची बटणं लागत नव्हती. गळ्यात इलेक्ट्रिक गिटार. हुबळी-धारवाडात गिटार पहिल्यांदा दिसली ती त्यांच्याच गळ्यात, असं त्यांचे चाहते छातीठोक सांगतात, आणि चाहत्यांशी कोण वाद घालणार! धारवाडची शेवटची बस सुटलेली, तिच्यामागं धावणारा एक प्रेमवीर ओरडतोय, "आलोऽ" – हे गाणं त्यांनीच रचलेलं. तो "आलो" एके काळी असा टिकायचा की ऐकणाऱ्याचाच श्वास संपायचा.

तिसऱ्या रांगेत विठ्ठल शिरोळकर बसला होता. जुन्या हुबळीत त्याचं भांड्यांचं दुकान. सन चौऱ्याहत्तरपासून त्यानं मधुअण्णांचा एक कार्यक्रम चुकवला नव्हता, आणि या गाण्याचा पहिला वन्स मोअर त्याचाच, हा रिवाज पडून गेला होता. विठ्ठल उठून उभा राहायचा, ओरडायचा, मग बाकीचे. मधुअण्णांनी आजवर एकही वन्स मोअर नाकारला नव्हता.

आज टाळ्या पडल्या त्या भीत भीत. मागं कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळं गप्प झालं. विठ्ठलला ते सहन होईना. या माणसानं आपल्याला एवढं दिलं, आणि त्याच्यासमोर आपण मयताला आल्यासारखे बसतो? आत्ता कुणी काही बोललं नाही, तर मधुअण्णा घरी जातील आणि जन्मात पुन्हा गिटारला हात लावणार नाहीत, असं त्याला अगदी आतून वाटलं.

तो उठणार हे त्याच्या बायकोनं, सुशीलानं ओळखलं. तिनं त्याचा शर्ट धरला.

"अहो, बसा की. आज नको."

"आजच पाहिजे. आपणच गप्प बसलो तर त्यांना काय वाटंल?"

"आणि ओरडलात तर काय होईल, ते बघा की आधी."

पण विठ्ठल उभा राहिलाच.

"वन्स मोअऽर!"

पुढच्या रांगांतली पिकल्या केसांची माणसं जणू याचीच वाट बघत होती. कुणी वकील, कुणी मास्तर, कुणी अमरगोळच्या बाजारातला अडत्या. "वन्स मोअर, अण्णा!" सगळे मनापासून ओरडले. विठ्ठलला भरून आलं. बघ, म्हणून त्यानं सुशीलाकडं पाहिलं. ती मंचाकडं बघत होती.

मधुअण्णांनी छातीवर हात ठेवून मान लववली. मग गिटारचा पट्टा खांद्यावर सरळ केला, आणि तेव्हा कुठं विठ्ठलच्या डोक्यात प्रकाश पडला. वन्स मोअर दिला म्हणजे पुन्हा गायचं. तोच "आलो", त्याच उंचीवर. इतकी वर्षं ओरडत आला होता, पण आपण समोरच्याकडं काय मागतो याचा त्यानं कधी विचारच केला नव्हता. करायची वेळच आली नव्हती.

संजीव पुढं झुकला. माइक चालू होता, त्यामुळं सगळ्यांना ऐकू आलं.

"अण्णा, दोन पट्ट्या खाली घेऊ या?"

"ब्याड रे, खाली नको," मधुअण्णा म्हणाले. "लोकांनी जे मागितलंय तेच द्यायचं."

गाणं सुरू झालं. विठ्ठल मटकन खाली बसला.

"मी काय करून बसलो गं?"



कडवी बरी गेली. खालच्या सुरात अजून तो जुना गोडवा होता, आणि विठ्ठलला वेडी आशा वाटू लागली. मग ती जागा आली. मधुअण्णांनी डोळे मिटले, टाचा उचलल्या, मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. या खेपेला सूर फाटलासुद्धा नाही. नुसती हवा आली. माइकमधून ती सभागृहभर ऐकू आली.

विठ्ठलला रडू कोसळलं. पन्नाशीचा माणूस रुमालात तोंड खुपसून रडत होता.

"वन्स मोअऽर!"

हाक मागून आली होती. हेल अगदी विठ्ठलचाच. पाठोपाठ आणखी दोघं-तिघं ओरडले आणि हशा पिकला. कॉलेजातली मुलं होती. मधुअण्णांना त्यांनी आजच पहिल्यांदा ऐकलं होतं.

त्यांना गप्प करायला विठ्ठल ताडकन उठला. पण हुंदक्यांत शब्द फुटेना. तो नुसताच हात वर करून उभा राहिला.

मंचावर मधुअण्णांनी डोळ्यांवर हात धरून खाली पाहिलं. दिव्यांच्या झोतात त्यांना मागचं काही दिसत नव्हतं. तिसऱ्या रांगेत उभा राहिलेला माणूस तेवढा दिसला. ते हसले. बाहीनं कपाळावरचा घाम पुसला.

"देतो, विठ्ठल," ते माइकमध्ये म्हणाले, "जरा दम खाऊ दे. देतो."