उरलेलं पत्र

न्याहारीच्या टेबलावर टपाल आलं की प्राध्यापक विंटल कात्री उचलत. पत्रातला गोगलगायींविषयीचा मजकूर कापून फायलीत चिकटवायचा आणि हवापाणी, ख्यालीखुशालीचा कागद न वाचताच शेकोटीत टाकायचा, ही त्यांची जुनी शिस्त. नाहीतर ग्रंथ पुरा कधी व्हायचा?

आज कॉर्नवॉलच्या हॉबडे मास्तरांकडून पेटी आली होती. मास्तर त्यांना कैक वर्षं शंख पाठवत.

"मागच्या खेपेला मास्तरांना चांगलंच फैलावर घेतलंत, बाबा," मुलगी एडिथ हसत म्हणाली.

"अर्धे शंख फुटलेले! असा निष्काळजीपणा शोभत नाही, एवढंच लिहिलं."

पेटीत एकेक शंख ओल्या शेवाळात वेगळा गुंडाळलेला होता. सोबतचं पत्र एडिथ वाचू लागली आणि तिचं हसू मावळलं.

"महाशय, यजमान वारल्याचं मी मागच्या पत्रात कळवलं होतं. त्यांनी तुमच्यासाठी वेचलेले शंख मीच बांधले होते. मला ते जमलं नाही, क्षमा असावी. उरलेले आता नीट बांधले आहेत."

विंटल यांनी घाईने फाईल उघडली. मागच्या पत्राची पट्टी तिथे होती. अक्षर मास्तरांचं नव्हतं. चिकटवताना ते त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं.

"बाकीचं पत्र कुठाय?"

"तुम्हीच जाळलंत, बाबा."

तिने उत्तरासाठी कागद पुढे ओढला. "काय लिहू?"

विंटल यांनी फाईल मिटली. मग मान खाली घालून म्हणाले, "मास्तरांना काय झालं होतं, हे आता बाईंना कोणत्या तोंडाने विचारू?"