दुसरी रीत

"प्रमेयाची एवढी सुंदर सिद्धता तुझी असूच शकत नाही. एआयने दिलीय लिहून," म्हणत सोनटक्के सरांनी निशिगंधाच्या गृहपाठावर शून्य मारलं.

ती उठून सरळ फळ्यापाशी गेली. खडू उचलून म्हणाली, "मग इथे सोडवते. बघा."

अर्ध्यावर ती अडली. मागच्या बाकांवर हसू फुटलं. "बस जागेवर," सर म्हणाले.

"नाही सर. अडलेय, हरले नाहीये." तिने तळहाताने सगळा फळा पुसला आणि पहिल्यापासून मांडायला घेतलं. हळूहळू हसणं थांबलं. शेवटची ओळ लिहून ती वळली, तेव्हा तिच्या कपाळालाही खडू लागला होता.

सरांनी फळा दोनदा वाचला. "पण घरून आणलेली रीत वेगळी होती."

"ती काल सुचली होती, सर. ही आत्ता सुचली."