हट्टी स्टील

मुलांनो, कल्पना करा, तुम्ही वर्कशॉपच्या कोपऱ्यात स्टुलावर गृहपाठ करत बसला आहात आणि समोर मशीनवर तुमची आई स्टेनलेस स्टीलला भोक पाडते आहे. हे स्टील भारी हट्टी. दाबणारा हात मधेच थबकला आणि ड्रिल नुसतं घासत राहिलं, की तेवढाच भाग दगडासारखा कडक होतो आणि ड्रिलचं टोक जळून जातं.

अशाच स्टुलावर बसणाऱ्या चिमीने काल हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आईचं ड्रिल अर्ध्यावर असताना फोरमनने मुद्दाम मागून हाक मारली, "अहो बाई!" आईचा हात थबकला, टोक जळालं, तुकडा वाया गेला. "तुम्ही आपलं घर सांभाळा, हे तुमचं काम नव्हे," असं मालकांसमोर सुनावून त्याने तिचं मशीन काढून घेतलं. आता आई झाडू मारत होती.

आज फोरमन स्वतः त्या मशीनवर उभा राहिला. "बघा मालक, कसं लोण्यात सुरी जावी तसं जातंय!" ड्रिल अर्ध्यावर आलं.

 

चिमीने वही मिटली आणि अगदी गोड आवाजात हाक मारली, "अहो काका!"