अकरावं नाव

पाळक ब्रोडरसन यांनी अकराव्या नावावर पेन्सिलीने सरळ रेघ मारली आणि कागद सुलेखाच्या हातात परत दिला.

"हे वाचायचं नाही."

उपासनेला वीस मिनिटं उरली होती. हॅम्बर्गचा नोव्हेंबर बाहेर गळत होता आणि लोक ओल्या छत्र्या दाराशी टेकवून बाकांवर बसायला लागले होते. आज टोटेनझोन्टाग, मृतांचा रविवार. वर्षभरात मंडळीतलं जे कुणी गेलं त्याचं नाव वेदीसमोर वाचायचं, घरच्यांनी पुढे येऊन एक मेणबत्ती लावायची. एवढंच असतं. यंदा वाचायचं काम सुलेखाकडे होतं, आणि केन्जींचं नाव नक्की येईल असं त्यांच्या बायकोला, मोरिताबाईंना, तिनेच सांगितलं होतं.

"का?" तिने विचारलं.

"बाप्तिस्मा नव्हता त्यांचा. यादी सभासदांची आहे. नियम मी केलेला नाही."

"अठरा वर्षं ते दर रविवारी तिसऱ्या बाकावर बसायचे."

"गेनाऊ, अगदी बरोबर. बसायचे."

केन्जी मोरितांनी बाप्तिस्मा का घेतला नव्हता हे मंडळीत सगळ्यांना ठाऊक होतं. ते घरातले थोरले. आईवडिलांच्या नावाच्या लाकडी पाट्या त्यांनी जपानहून इथे आणलेल्या, आणि त्यांच्यापुढे रोज सकाळी भाताची वाटी ठेवायची. दोघंही ख्रिस्ती झालो तर म्हाताऱ्यांना भात कोण ठेवणार? म्हणून बायकोने बाप्तिस्मा घेतला आणि नवरा मागे थांबला. हा तिढा पाळकांना समजावून सांगायची काही गरज नव्हती. अकरा वर्षं जपानात काढून त्यांनी त्याच्यावरच जाडजूड पुस्तक लिहिलं होतं: जपानी माणसाला ख्रिस्त द्यायचा असेल, तर त्याची मेलेली माणसं हिरावून घेऊ नका. सुलेखा नगरहून इथवर आली ती ते पुस्तक वाचून. तिचा प्रबंधही त्याच पुस्तकावर चालला होता. आणि त्याचा लेखक आता तिच्यासमोर शांतपणे पेन्सिल खिशात ठेवत होता.

"त्यांना मी वाऱ्यावर सोडलेलं नाही," ते म्हणाले. "ये, बघ."

खांबामागे त्यांनी जपानी कोपरा सजवला होता. कागदाचा क्रूस, पांढऱ्या वाळूत ओढलेल्या रेघा, केन्जींचा फोटो, उदबत्तीचं भांडं. "उपासना संपली की फ्राउ मोरिता इथे येऊन वाकतील. त्यांच्या संस्कृतीला हेच जवळचं आहे. मासिकाचा फोटोग्राफरही येतोय."

सुलेखाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गेल्या नाताळात याच माणसाने तिला साडी नेसून वेदीला ओवाळायला लावलं होतं. आमच्या चर्चमध्ये ओवाळत नाहीत, असं ती दोनदा म्हणाली होती. तिचे आजोबा टाळ घेऊन येशूची भजनं म्हणायचे, पण ती त्यांना गोड वाटायची म्हणून, कुणा साहेबाला देखणी वाटतात म्हणून नव्हे. तेव्हा तिने मुकाट्याने ओवाळलं, आणि त्याचा फोटो अजून चर्चच्या दारात लावलेला आहे.

नवरा, सत्यजित, दुसऱ्या बाकावर बसला होता. तिने त्याच्यापुढे कागद धरला.

"सोड ना, सुलू," तो कुजबुजला. "आल्झो, तर मग बाकीची सोळा वाच आणि घरी चल. जानेवारीत तुझा प्रबंध तपासायला त्याच्याच टेबलावर जाणारेय. त्याने दोन ओळी वाकड्या लिहिल्या की तीन वर्षं पाण्यात."

खरं होतं ते. म्हणून तर जास्त संताप आला. मागच्या बाकावर मोरिताबाई काळ्या कोटात बसल्या होत्या, शेजारची जागा रिकामी ठेवून.

घंटा झाली. सुलेखा वाचायला उभी राहिली. एक नाव, मग कुणाची तरी पावलं, मग एक ज्योत. केस्लर, योआखिम. लुडर्स, आनेलीझे. मग ती रेघ आली. पेन्सिलीचीच होती, खालचं नाव स्वच्छ दिसत होतं.

"मोरिता, केन्जी."

पाळकांची मान झटकन वर आली. सुलेखाने नजर खाली घेतली नाही. मोरिताबाई उठल्या, सावकाश पुढे आल्या, लुडर्सबाईंच्या मेणबत्तीशेजारी आपली मेणबत्ती लावली आणि जागेवर जाऊन बसल्या. सुलेखाने पुढचं नाव वाचलं.

शेवटी पाळक आशीर्वाद द्यायला उभे राहिले. एव्हाना त्यांचा चेहरा निवळला होता. अशी माणसं फार लवकर सावरतात.

"प्रिय मंडळी," ते हात पसरून म्हणाले, "आज आपण धाडसाचं पाऊल उचललं. जपानच्या पूर्वजपूजेला आपण आपल्या वेदीवर जागा दिली."

फोटोग्राफरने फोटो घेतला. सुलेखाने हातातली यादी चुरगळली. नाव खोडलं तेव्हाही तिला इतका राग आला नव्हता.

दारात पाळक सगळ्यांशी हात मिळवत होते. मोरिताबाई आल्या तसं त्यांनी त्यांच्या खांद्याला धरून हळूच खांबाकडे वळवायला पाहिलं. एरवी कमरेत वाकून निरोप घेणाऱ्या मोरिताबाई जागच्या हलल्या नाहीत.

"उदबत्ती घरी आहे, हेर पास्टर. रोज लावते," त्या म्हणाल्या. "आणि केन्जी पूर्वज नव्हता. नवरा होता माझा. दर शनिवारी तुमच्या अंगणातली पानं झाडायचा."

त्यांनी छत्री उघडली. यंदाचा सगळा पाचोळा अंगणात तसाच पडून होता, भिजलेला, घोट्याएवढा. त्यातून त्या फाटकापर्यंत चालत गेल्या.