बिनसाखरेच्या शंकरपाळ्या

“एवढं खायला त्याला किती वेळ लागेल?” त्या माणसाने विचारलं.

ऋजुताने ओव्हनमधला ट्रे ओट्यावर ठेवला. घरी कुत्र्यांसाठी दिवाळीचा फराळ करून विकायला लागल्यापासून लोकांनी तिला नाही नाही ते प्रश्न विचारले होते. साखर नाही ना, बेदाणा नाही ना, पोट तर बिघडणार नाही? हा प्रश्न मात्र नवा होता.

“का हो?”

“तेवढा वेळ तो गप्प राहायला हवा ना! फाटकापासून दारापर्यंत चाळीस पावलं आहेत. मोजलीत मी.”

पेरुंगुडीतला तो लहानसा फ्लॅट भाजलेल्या कलेजीच्या वासाने भरून गेला होता. माणूस तिशीचा, चष्मेवाला, बोलणं पुण्याकडचं. नाव विचारलं तर नुसतं ‘अनिकेत’ म्हणाला. आडनाव नाही, पत्ता नाही. घरपोच पाठवू का, असं विचारल्यावर तर दचकलाच.

“कुत्रा तुमचा नाही?” ऋजुताने विचारलं.

“छे हो! राजपाळयम जातीचा आहे, पांढराशुभ्र, एवढा मोठा.” त्याने कमरेपर्यंत हात नेला आणि लगेच मागे घेतला. “अनोळखी माणसाने दिलेलं खाईल असं काहीतरी करा, ताई. वास जबरदस्त पाहिजे.”

“घरच्यांना विचारलंत का, त्याला काय चालतं?”

“अजिबात नाही! त्यांना कळता कामा नये.” त्याने आवाज खाली आणला. “गेल्या वेळी फाटकातूनच पळावं लागलं. या वेळी काही झालं तरी आत जायचंय. दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी. सगळे आत गडबडीत असतात तेव्हा.”

उद्या चार वाजता येऊन घेऊन जा, असं ऋजुता कसंबसं म्हणाली आणि दार लावून तिथेच खाली बसली.

गेल्या दिवाळीत ती आणि तिचा नवरा मंदार वेळचेरीला बैठ्या घरात राहत होते. कुंपणावरून कोणीतरी खिम्याचा गोळा टाकला. चोरांना काही मिळालं नाही, पण बर्फी, त्यांची सात वर्षांची कुत्री, ऋजुताच्या मांडीवरच गेली. त्यानंतर ते घर सुटलं, दुसरा कुत्रा काही आणवेना, आणि रिकाम्या हातांना काम म्हणून हा फराळ सुरू झाला.

“नाही म्हणून सांग त्याला,” संध्याकाळी मंदार म्हणाला.

“मग तो दुसरीकडून घेईल, आणि त्यात काय कालवेल देव जाणे. माझ्या शंकरपाळ्यांनी निदान कुत्रा मरणार तरी नाही.”

“मग पोलिसांना सांग.”

“काय सांगू? एक माणूस कुत्र्याला खाऊ घेऊन गेला म्हणून?”

“नसत्या भानगडीत पडू नकोस,” मंदार म्हणाला.

ऋजुता पडली. ज्वारीचं पीठ, लाल भोपळा, कलेजी घालून तिने शंकरपाळ्या केल्या आणि दुसऱ्या दिवशी चार वाजता डबा त्याच्या हातात दिला. त्याने कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता. खांद्याला भली मोठी बॅग होती, कपाळावर घाम होता. तो रिक्षात बसला. ऋजुताने स्कूटर काढली.

दिवाळीची खरेदी ऐन भरात. दोनदा रिक्षा हातची गेली, दोनदा सापडली. ‘बर्फीच्या वेळी मी आत टीव्ही बघत होते,’ एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं. या वेळी ती हातावर हात धरून बसणार नव्हती.

एग्मोर स्टेशनच्या मागे, एका शांत गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली. अनिकेत पायी निघाला. एका जुन्या बंगल्यासमोर त्याने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. फाटकाशी वाकून डबा उघडला. आतून गुरगुर आली, एकदा, दोनदा, मग बंद झाली. त्याने हळूच कडी काढली आणि पाय न वाजवता आत शिरला.

ऋजुता स्कूटर तशीच टाकून धावली. फाटकाच्या आत तो पांढरा कुत्रा मान खाली घालून खात होता. डोळ्यांसमोर बर्फी आली आणि तिचा धीर सुटला. या माणसाने वाटेत डब्यात काय कालवलं असेल, कोणाला माहीत!

“तिरुडन! तिरुडन!” ती जिवाच्या आकांताने ओरडली. चोराला तमिळमध्ये काय म्हणतात, एवढं तिला येत होतं.

समोरच्या इमारतीचा वॉचमन काठी घेऊन आला. गल्लीतले चौघे-पाच जण आले. अनिकेत जेमतेम अर्ध्या वाटेवर पोचला होता. काहीतरी सांगायला त्याने हात वर केले, तोवर काठी खांद्यावर बसली. तो गुडघ्यावर आला. चष्मा उडाला, बॅग उलटली, मिठाईचा खोका फुटला.

आणि मग कुत्रा उठला. जिभल्या चाटत तो आला आणि अनिकेतच्या पुढे उभा राहून वॉचमनवरच दात विचकू लागला.

“शंकरपाळ्यांना भुलला बिचारा,” ऋजुता पुटपुटली. ती रडत होती, पण सुटल्यासारखं वाटत होतं. कुत्रा जिवंत होता, चोर सापडला होता.

गलका ऐकून बंगल्याचं दार उघडलं. नऊवारीतल्या एक म्हाताऱ्या बाई बाहेर आल्या. त्यांच्या हातात ओवाळायचं ताट होतं. मागून नवी कोरी कांजीवरम नेसलेली मुलगी धावत आली आणि पायरीवरच थिजली.

बाईंच्या हातातलं ताट खाली पडलं.

“अय्यो, मारूं नका! सोडा त्यांस!” त्या आपल्या तंजावरी मराठीत किंचाळल्या. “पहिल्या दीपावळीस आले हो, आमचे जावई ते!”